उत्तमराव डायवरच्या गाडीचे सुटे भाग

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असे. "किती मेगाहर्ट्झचा आहे?" मेगाहर्ट्झ म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. पण आकडा मोठा सांगितला की त्याचं समाधान होई आणि माझं दुकान चाले. आदिलाबादला कॉटन मार्केटच्या रस्त्यावर मी इतके संगणक जोडून विकले, पण "याचा आवाज कसा आहे?" हे मनावर घेणारा माणूस मला एकच भेटला. त्याला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मी मूळचा याच जिल्ह्यातल्या वांकिडीचा. ऐंशीच्या दशकात आदिलाबादला येऊन रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. मग टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, माझं बरं चाललं होतं. नव्वदनंतर लोक बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्याऐवजी नवी घेऊ लागले आणि माझ्या हातातली सोल्डरची कांडी गार पडू लागली. तेव्हा हैदराबादला जाऊन संगणक जोडण्याचा कोर्स केला, परत येऊन पाटी रंगवली. मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही लिपींत 'कंप्युटर' असं ठसठशीत लिहून घेतलं. तिन्ही भाषांचे लोक पाटी वाचून आत येत आणि एकच गोष्ट विचारत, "रेडिओ होतो का दुरुस्त?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या काळी संगणक दोन तऱ्हांनी मिळायचा. एक कंपनीचा तयार, तो बँकांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी घ्यायचा. दुसरा आमच्यासारख्यांनी सुटे भाग आणून जोडलेला. पत्र्याचं कॅबिनेट, त्यात विजेची पेटी, मदरबोर्ड नावाची पाटी, त्या पाटीवर हिशेब करणारा प्रोसेसर, चालू काम हाताशी ठेवणारी रॅम, सगळं साठवून ठेवणारी हार्ड डिस्क. चित्रासाठी एक कार्ड, आवाजासाठी एक कार्ड. बाहेर मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. जोडणं अवघड नाही, स्क्रू फिरवता येणारा कोणीही शिकेल. निवडणं अवघड. गिऱ्हाइकाचे पैसे ठरलेले असतात, एका भागावर जास्त घातले की दुसऱ्या भागाच्या पोटाला चिमटा बसतो. कुठे चिमटा काढायचा आणि कुठे नाही, यातच आमची सगळी विद्या.

गिऱ्हाइकांना अर्थातच आपापली विद्या होती. एक कापसाचे अडते आले, त्यांनी दोन कॅबिनेटं दोन हातांत उचलून पाहिली आणि जे जड लागलं ते घेतलं. मी मनात हसलो. पुढे कळलं की चांगली विजेची पेटी खरोखरच जड असते, कारण तिच्यात तांबं जास्त घातलेलं असतं. म्हणजे अडत्यांनी जे कापसाच्या गाठीला लावलं तेच संगणकाला लावलं, आणि बरोबर निघालं. याच अडत्यांनी दसऱ्याला संगणकाची यथासांग पूजा केली आणि फ्लॉपीच्या फटीला तोंड समजून तिच्यात हळदीकुंकू आणि साखर घातली. मला बोलावणं आलं तेव्हा तिथे मुंग्यांची रांग लागली होती. "देवाले नैवेद्य नाई दाखवाचा का मंग?" असं त्यांनी मलाच विचारलं.

तर असा तो धंदा. आता उत्तमराव.

उत्तमराव सरकारी बसवर डायवर होते. आदिलाबाद-हैदराबाद ही त्यांची गाडी. माझा सगळा माल सिकंदराबादच्या बाजारातून यायचा, आणि मॉनिटर म्हणजे काचेचं काम. मी तिकडच्या दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, की उत्तमरावांची गाडी असेल त्याच दिवशी खोका चढवायचा. ते खोका आपल्या सीटमागे ठेवत, वर स्वतःची घोंगडी टाकत आणि निर्मलचा घाट असा उतरवत की आतल्या बाईच्या मांडीवरचं पोर जागं होऊ नये. त्यांच्या गाडीतून आलेली एकही काच कधी फुटली नाही. दुसऱ्या डायवरांबद्दल मी असं म्हणू शकत नाही.

मग एका वर्षी खात्याच्या तपासणीत त्यांचा उजवा डोळा नापास झाला. आतला पडदा कमजोर झाला होता, त्यावर इलाज नव्हता. गाडी सुटली, पेन्शन सुरू झाली. मी दोन-तीनदा भेटायला जाईन म्हटलं, पण हंगामाच्या गडबडीत राहूनच गेलं.

तीनेक महिन्यांनी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई दुकानात आल्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळा सुटल्यावर थेट आल्या होत्या, बोटांना खडू तसाच होता.

"जयभीम, दिगंबरभाऊ. गेम खेळाचा एक कंप्युटर जोडून द्या."

"शाळेसाठी का, बाई?"

"शाळेत कुठचा! घरी. यायच्यासाठी."

बाईंनी स्टूल ओढलं.

"तीन मईने झाले भाऊ, भिताडाकडं पायत बसते माणूस. बोलत नाई. वाढलं त जेवते, नाई वाढलं त मांगत नाई. मांगच्या हप्त्यात हैद्राबादले भाच्याच्या घरी गेलतो. त्याच्या कंप्युटरवर मोटारीचा खेळ होता. हे तिथं बसले ते उठाचं नावच नाई. आन् येतानी बसमदी माह्याशी बोलले. काय बोलले, मालूम हाय? 'पोराची गाडी पिकअप चांगला घेते.' एवढंच बोलले. पण बोलले ना!"

असं म्हणताना त्यांचा आवाज हलला. बाईंनी मात्र लगेच स्वतःला सावरलं, शिक्षिकाच ती.

"टीचर सोसायटीत दरखास्त देल्ली हाय. तीस हजार भेटतीन. त्याच्यावर एक रुपया नाई. आन् त्याईले नाई आवडला त वापस घ्या लागन, आत्ताच सांगून ठेवते."

तीस हजारांत तेव्हा कचेरीत पत्रं टाईप करण्यापुरता संगणक येत असे. खेळाचा संगणक म्हणजे वेगळं प्रकरण. पत्राला घाई नसते; खेळात रस्ता, झाडं, डोंगर, समोरची गाडी सगळं क्षणाक्षणाला नवं काढावं लागतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या काचा ज्याने सांभाळल्या त्याच्यासाठी बाई आल्या होत्या. मी हो म्हटलं आणि चिमटे काढायला बसलो.

मोडेम कापला. इंटरनेट लावायचं तर फोन हैदराबादला लावावा लागे, त्याचं बिल बाईंच्या पगारातून गेलं असतं. प्रिंटरचा प्रश्नच नव्हता. कॅबिनेट जुनं, मॉनिटर सिकंदराबादच्या एका बंद पडलेल्या कचेरीतला चौदा इंची, थोडा पिवळट पण साफ. प्रोसेसर मुद्दाम एक पायरी खालचा घेतला, कारण नवशिके सगळे पैसे प्रोसेसरवर उडवतात आणि खेळ मात्र अडखळत चालतो, हे मी पाहिलं होतं. विजेची पेटी चांगली घेतली. आमच्याकडची वीज कधी येईल, कधी जाईल आणि आली तर किती जोरात येईल, याचा नेम नव्हता. असे वाचवून वाचवून उरलेले सगळे पैसे मी चित्राच्या कार्डावर लावले. ग्राफिक्स कार्ड म्हणजे खेळाचा जीव, असं तेव्हा सिकंदराबादचा जो तो दुकानदार सांगत होता. आवाजाला सगळ्यात स्वस्त कार्ड आणि मुठीत मावतील असे दोन प्लास्टिकचे स्पीकर घेतले. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

माल मी स्वतः बसने आणला. मॉनिटर मांडीवर. त्या दिवशीच्या डायवरने निर्मलचा घाट असा काढला की उत्तमरावांची आठवण माझ्या गुडघ्यांना झाली.

रविवारी त्यांच्या क्वार्टरमध्ये संगणक मांडला. उत्तमराव भिंतीजवळच्या खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मी खेळ सुरू केला. काय ते चित्र! डोंगर, वळणाचा रस्ता, गाडीच्या टपावर ऊन चमकतंय. शेजारचे वाकून वाकून बघू लागले. बाईंनी नवऱ्याचा हात धरून त्याला संगणकासमोर बसवलं, मी कोणतं बटण कशाचं ते दाखवलं. गाडी निघाली. थोडी पुढे गेली, एक वळण घेतलं, आणि उत्तमरावांनी कीबोर्डवरून हात उचलले.

"बंद करा."

"काऊन?" बाई म्हणाल्या.

"मुकी हाय," ते म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

बाईंनी मला चहा दिला. सोसायटीचं कर्ज, शेजाऱ्यांची गर्दी, त्या एवढ्या आशेने बसलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कप ठेवून मी अंगणात गेलो आणि म्हटलं, "उत्तमराव, आवडला नाही तर मी परत नेतो. पण काय चुकलं ते तर सांगा."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "भाऊ, गाडी कोणी डोळ्यानं चालवते का?"

"मग?"

"डोळा रस्त्यासाठी. गाडी कानानं चालते. गेर कवा बदलाचा, चढावर किती दाबाचं, ब्रेक लागून राह्यला का नाई, सारं इंजिन सांगते. ऐकणारा पायजे. तुमच्या गाडीचं इंजिनच नाई. मच्छर गुणगुणून राह्यला आतमदी." ते पुढे म्हणाले, "त्या डागतरनं माहा डोळा तपासला. कान कोणी तपासलाच नाई."

तीन महिने मुका राहिलेला माणूस एवढं बोलला होता. मी घरात धावत गेलो आणि बाईंना विचारलं, "भाच्याच्या संगणकाला स्पीकर कसले होते?" बाई म्हणाल्या, "हे मोठ्ठाले! गाणे वाजवाच्या सिस्टीमचे. घर हालत होतं." हे मी आधी विचारायला हवं होतं, पण आमचा धंदाच डोळ्यांचा, गिऱ्हाईक काय पाहणार, एवढंच आम्ही विचारतो.

दुसऱ्या दिवशी चित्राचं कार्ड काढून सिकंदराबादला नेलं. दुकानदार विकलेला माल परत घ्यायला तयार होईना. तेलुगूत समजावलं, हिंदीत गयावया केली, शेवटी मराठीत शिव्या दिल्या. त्या त्याला समजल्या असाव्यात, कारण त्याने ते कार्ड घेऊन साधं चित्राचं कार्ड आणि एक चांगलं आवाजाचं कार्ड दिलं. स्पीकरला पैसे उरले नव्हते. पण स्पीकरसाठी मला बाजाराची गरज नव्हती. माझ्या माळ्यावर कितीतरी रेडिओ मरून पडले होते. त्यांतले दोन मोठे स्पीकर काढले, जाड फळ्यांच्या पेट्या ठोकून त्यांत बसवले, आवाज वाढवायला ॲम्प्लिफायर स्वतः जोडला. कितीतरी वर्षांनी सोल्डरची कांडी पुन्हा तापली. बायको म्हणाली, "आज शिट्टी वाजवून राह्यले, काय गोष्ट हाय?" मी शिट्टी वाजवतोय हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्यांदा मांडलं तेव्हा डोंगर आधीइतके देखणे नव्हते, झाडं तर चौकोनी दिसत होती. मी आवाज वाढवला आणि इंजिन सुरू केलं. मांडणीवरची ताटं थरथरली. उत्तमराव भिंतीजवळून उठले, कोणी हात न धरता. बसले. गाडी काढली. पहिला गिअर, दुसरा गिअर, आवाज चढला तसा त्यांनी बरोबर त्या क्षणी तिसरा टाकला, आणि डोळे मिटले. डोळे मिटून ते सरळ रस्त्यावर गाडी चालवत राहिले.

"पिकअप हाय," ते म्हणाले.

सुशीलाबाईंनी दाराच्या चौकटीला धरलं होतं. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "जेवाले वाढू?"

"थांब ना. गाडी चालू हाय, दिसत नाई का!"

ओरडले बाईंवर. बाई इतक्या खूश झाल्या की मला जेवूनच जावं लागलं.

यानंतर माझी सुटका झाली असेल असं वाचकांना वाटेल. आठवड्यात निरोप आला, गाडीत बिघाड आहे. गेलो. बिघाड असा की खेळात हॉर्न नव्हता.

"बिना हॉर्नची गाडी रोडवर काढाची कशी?" उत्तमराव म्हणाले. "मोडावर वाजवा लागते. माणसं येतेत, बैलं येतेत."

या खेळात बैल नसतात, हे मी सांगून पाहिलं. शेवटी भंगारातून एका लॉरीचा हॉर्न आणला, त्याला वेगळी वीज दिली आणि टेबलाच्या कडेला बटण बसवलं. शेजारचे तेलुगू गृहस्थ सुरुवातीला दर हॉर्नला बाहेर येऊन आपली स्कूटर बाजूला घ्यायचे.

मग दुसरा निरोप. आता बिघाड मोठा होता. खेळातल्या सगळ्या गाड्या उत्तमरावांच्या अंगावर येत होत्या. बसून पाहिलं, आणि मला कळलं तेव्हा हसू दाबताना पोटात कळ आली. खेळ परदेशी होता, तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. उत्तमराव सबंध जन्म डाव्या बाजूने चालवलेले.

"पाहा, पाहा! सारे राँग साइडनं येऊन राह्यले! याईले लायसन कोणी देल्लं?"

"उत्तमराव, तो त्यांचा देश आहे. तिथे उजवीकडून चालवतात."

"देश त्यायचा असन. स्टेरिंग माह्या हातात हाय."

ते डावी बाजू सोडायला तयार नव्हते. नोकरीत ज्याच्या गाडीखाली कोंबडीही आली नाही, त्या माणसाची मिनिटामिनिटाला समोरासमोर टक्कर होऊ लागली. टक्कर झाली की ते गाडी थांबवून वाट बघत, समोरचा भांडायला उतरेल म्हणून. कोणी उतरत नसे. "कसे लोक हायेत," असं म्हणून ते पुन्हा गाडी काढत. त्यातून मागून एखादी गाडी आली की ते नियमाप्रमाणे तिला साइड देत. घाटात तर प्रत्येक वळणाआधी ब्रेक. साहजिकच प्रत्येक शर्यतीत शेवटचा नंबर. त्यांना त्याचं काही नव्हतं. गाडी मुक्कामाला पोचली म्हणजे झालं. हैराण झाल्या त्या सुशीलाबाई. शाळेच्या वह्या तपासायला त्या शेजारीच बसत आणि रोज नवऱ्याचा शेवटचा नंबर बघत. ज्या बाईने वर्गात कोणाला शेवटचा नंबर मुकाट्याने घेऊ दिला नाही, तिला हे बघवणार कसं?

मी पुन्हा गेलो तो थेट कापसाच्या हंगामात. त्या दिवसांत आदिलाबादच्या हवेत सगळीकडे कापसाचे तंतू उडतात, गाड्या, गाठी, सरकी काढायचं जिनिंग, सगळीकडून. ते संगणकाच्या पंख्यात जाऊन बसतात, पंखा जाम होतो आणि प्रोसेसर तापून बंद पडतो. दरवर्षी त्या काळात मी ब्रश घेऊन गिऱ्हाइकांच्या घरोघर फिरत असे. उत्तमरावांच्या क्वार्टरजवळ आलो तर हॉर्न आणि आरडाओरडा रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मला वाटलं भांडण लागलं. तसाच आत शिरलो.

खुर्चीत सुशीलाबाई बसल्या होत्या. पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या टोकावर आलेला, गाडी भन्नाट उजव्या बाजूने. बाईंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. त्यामुळे डावी काय नि उजवी काय, मोडायला त्यांच्याकडे सवयच नव्हती. शेजारी स्टुलावर उत्तमराव, दाढी केलेले, हॉर्नच्या बटणावर एक हात आणि दुसऱ्या हाताने टेबल घट्ट धरलेलं.

"अवं, हळू घे! मोड आला, मोड! ब्रेक मार!"

"गप बसा हो! तुमी गाडी चालवत होते तवा मी बोलली का कवा?"

"तू माह्या गाडीत बसली कवा? पयले बसली असती त अशी नसती चालवली. मारन हे बाई आज आपल्याले! दिगंबरभाऊ, सांगा इले!"

बाई पहिल्या आल्या. पडद्यावर विजेत्याचा कप फिरू लागला. बाईंनी चष्मा वर सरकवला, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तीन मईने हा माणूस बोलत नोता म्हणून म्या कर्ज काढलं. आता याईले चूप कसं कराचं, ते काई असन तुमच्याजवळ त सांगा."

उत्तमरावांनी ते ऐकलंच नाही. ते त्या कपाकडे बघत होते, आणि त्यांचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं. मी ब्रश दाखवून म्हटलं, पंखा साफ करायचा आहे, मशीन जरा बंद करावं लागेल. दोघांनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं बोललोच नाही. नवी शर्यत लागत होती. बाई सरसावून बसल्या. उत्तमराव मागे वळून मला म्हणाले, "सीट धरून घ्या भाऊ, जागा हाय." मग त्यांनी टेबलावर दोनदा थाप मारली आणि आमच्याकडचा प्रत्येक कंडक्टर गाडी सोडताना ओरडतो तसे, भरल्या आवाजात ओरडले, "रैट, रैट!"

बाईंनी गाडी सोडली. मी ब्रश खिशात घातला आणि मागच्या खाटेवर जाऊन बसलो.